पत्रा शाबूत आहे

मंडळी, गाडीखाली घरी बनवलेला पत्रा लावला असेल, तर आजच काढून बघा. मी उशीर केला.

बाबांची जुनी जीप. आमच्या देवगडच्या बागेची वाट नुसती जांभ्या दगडांची, दोनदा इंजिनाचा ऑइल चेंबर फुटला. म्हणून गेल्या वर्षी मी जाड लोखंडी पत्रा कापला, वाकवला आणि खालून बोल्टने आवळला. खडासुद्धा आत जाऊ नये म्हणून चारही बाजूंनी बंद केला. किती मिरवलं होतं मी इथे ग्रुपवर!

हीच जीप काकांची होडी ओढायला रोज किनाऱ्यावर जाते. आज सकाळी वाळूतच खालून कडकड आवाज आला. घरी आणून पत्रा उतरवला, तर वरच्या फटींतून शिरून साचलेली घमेलंभर ओली खारी वाळू पडली. पाणी निघायला मी एक भोकसुद्धा ठेवलं नव्हतं. वर चासीला बोट लावलं, तर लोखंडाचे पापुद्रे हातात आले.

वेल्डर वाकून बघून म्हणाला, "वेल्डिंग धरूचा नाय. धरूक लोखंडच रवला नाय."

बाबा एवढंच म्हणाले, "बांगडो खारवतत तशी खारवलंस रे हिका."

पत्रा मात्र शाबूत आहे. त्याला मी आतून-बाहेरून तीन हात रंग मारला होता.

आत्ता संध्याकाळी बाबा नेहमीसारखे बादली घेऊन अंगणात गेलेत. भंगारात जाणारी जीप गोड्या पाण्याने धुतायत. मी त्यांना थांबवलं नाही. तुम्ही थांबवलं असतं?