दत्तूच्या शोकसभेत मी जे बोललो

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट सांगता येणार नाही.

माझा मित्र दत्तू गेल्या महिन्यात वारला. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर पाय पडला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. मांजरी गावात सगळे त्याला फौजी म्हणायचे. मी हडपसरचा, निवृत्त कारकून. शाळेत आम्ही एका वर्गात होतो.

भरतीचं खूळ कुणाचं? माझं. दत्तूला शेतीच करायची होती. मीच मागे लागलो, वर्षभर रोज सकाळी कालव्याच्या कडेनं त्याला पळवलं. त्याची आई मला म्हणाली होती, "तू हायस बरोबर, म्हणून सोडते."

भरतीच्या दिवशी धावण्यात दोघंही पास झालो. मग डोळ्यांची तपासणी. दत्तू माझ्या पुढे होता. भिंतीवरचा तक्ता झटझट वाचून बाजूला झाला, माझ्याकडे बघून हसला. माझी पाळी आली — आणि मी घाबरलो. आता खरंच जावं लागणार होतं.

मला शेवटची ओळसुद्धा स्वच्छ दिसत होती. मी म्हणालो, "साहेब, तिसऱ्या ओळीपासून पुसट दिसतंय."

बाहेर येऊन मी रडलो. दत्तूला वाटलं, संधी हुकली म्हणून. "आरं, डोळ्याला तू काय करणार?" म्हणत त्यानंच माझी समजूत घातली. आणि तो एकटा गेला.

मी बिननंबरी काचांचा चष्मा करून घेतला. कशाला? खोटं टिकवायला, दुसरं काय! तो पाय गमावून परतला तेव्हा तरी सांगायला हवं होतं — नाही का? लष्करी इस्पितळात त्याच्या खाटेशी बसून मी मनाशी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात त्यानंच विचारलं, "तुझा नंबर वाढला नाय ना?" मी नाही म्हणालो. आणि नाकावरचा चष्मा सारखा केला.

त्यानंतर कित्येक वर्षं सोलापूर रस्ता ओलांडताना तो माझा दंड धरायचा. तो — कृत्रिम पायावर. "थांब, बस येतीय." मला बस दिसत असायची. मी थांबायचो.

शोकसभेत मला बोलायला उभं केलं. समोर त्याची बायको, सुमनवहिनी. तिथे तरी खरं बोलावं? मी काय म्हणालो, ऐका — "माझ्या डोळ्यांनी दगा दिला, नाहीतर त्या दिवशी मी त्याच्या शेजारी असतो." लोक हळहळले. हे मला कुणी बोलायला लावलं नव्हतं.

नंतर घरी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, लई बरं बोललात. मित्राला मागं ठेवून एकटंच गेलो, ही टोचणी ह्यांना शेवटपर्यंत होती."

मी मान हलवली. त्यांनी पुढे केलेला चहा घेतला.