आधी खांद्याला कळायचं

नकला करणाऱ्यानं लिहिलंय म्हणजे पोट धरून हसायचं, असं ठरवून तुम्ही सरसावून बसला असाल, तर जरा मागं सरका. माझ्या पोटात तेव्हा हसू न्हवतं, जळजळ होती.

पौष सरत आलेला. कळंबच्या आमच्या गल्लीतल्या उन्हाला भाजलेल्या हुरड्याचा वास यायचा. थोरली अक्का माहेरी आली होती आणि रविवारी दाजी तिला न्यायला येणार होते. आठ दिवस मी तिला तिच्या सासूची नक्कल करून दाखवत होतो. ते नाकातनं बोलणं, ते भाकरी उलटीपालटी करून बघणं. अक्का तोंडाला पदर लावून हसायची आणि मी कोंबड्यासारखा मान ताठ करून फिरायचो.

शेजारच्या शिंप्याचा गुलाब माझ्याच वर्गात होता. त्याचे डोळे सारखे मिचकायचे, उजवा खांदा उडायचा, घशातनं ‘हुक्’ निघायचं. मास्तरांची छडी झाली, त्याच्या अम्मीनं आणलेला दर्ग्याचा ताईत झाला, खांदा काही ऐकंना. भांडणात तो मधेच थांबून मला विचारायचा, “मला राग आलाय का रं?” मी हसलो की म्हणायचा, “माझं काय, दुसऱ्याचं काय, खांद्याला आधी कळतं. मला मागनं.”

त्या दुपारी तो अक्काचा शिवलेला झंपर द्यायला आला. माझ्या नकलेतली सासूबाई रंगात आली होती, अक्का हसत होती. गुलाब उंबऱ्यातच थांबला. खांदा एकदा उडाला, दोनदा, मग उडतच राहिला.

“अक्का, तुमास्नी भ्या वाटतंय का? तिकडं जायाचं?”

अक्का मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मग आईला तिनं दंडावरचे वळ दाखवले. संध्याकाळी बाबांनी दाजींना निरोप धाडला, पोरगी येणार न्हाय.

अक्का वाचली म्हणून मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण बहीण माझी, हसू मी काढलेलं, आणि रडू मात्र त्या खांदेउडव्यापुढं? आईनं त्याला पाहुण्यांच्या कपात चहा दिला, तो तर मला अजून दिसतो. लोकांचे चेहरे म्हणजे माझी जहागीर, आणि हा तिच्यात न विचारता शिरला होता.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मी गुलाबच केला. डोळे, खांदा, हुक्, सगळं हुबेहूब. पोरं लोळली. गुलाबही हसला, खांदा तेवढा थांबंना, आणि काय झालंय ते त्याला अजून कळलं न्हवतं.

दारातनं अक्कानं बघितलं. कान धरून आत नेलं.

“लई हुशार समजतोस व्हय? आठ दिवस मी हसत व्हते ते तुला वाईट वाटू नये म्हणून! घसा सुकला माझा हसून. आणि ज्यानं विचारलं त्याचीच टिंगल करतोस?” मी तोंड वेडंवाकडं करायला लागलो, तशी तिनं हनुवटी घट्ट पकडली. “काय करू नकोस आता. गप उभा ऱ्हा आणि बघ माझ्याकडं.”