दुल्हाभाईनं बसवलेली चटई

नियाज पिंजारी गादीवरून नुसता तळहात फिरवून सांगायचा की कापूस कुठे गोळा झालाय आणि कुठे पातळ पडलाय. अमरावतीच्या इतवाऱ्यात त्याच्या आज्यापासूनचं दुकान. लग्नसराईत पार बडनेऱ्यापासून परतवाड्यापर्यंतच्या मुली त्याच्या गाद्या घेऊन सासरी जायच्या. पण हातात कसब असलं म्हणजे मन मोठं असतंच असं नाही. नियाजचा हात गुणी होता आणि पोटात कायमचं दुखणं होतं. त्या दुखण्याचं नाव जुबेर.

जुबेर म्हणजे नियाजच्या बायकोचा, रहिमाबीचा, धाकटा भाऊ. आठ वर्षं त्यानं नियाजच्याच दुकानात कापूस पिंजला. मग एक दिवस नाकातोंडात जाणाऱ्या कापसाला कंटाळून तो कॉम्प्युटर दुरुस्तीच्या क्लासला जाऊन बसला. पुढे बाजारात फोमच्या गाद्या आल्या, नियाजचं दुकान ओस पडलं आणि जुबेरचं चालायला लागलं. रहिमाबी ताट वाढता वाढता सांगायची, "आज जुबेरनं बँकेतलं मशीन चालू करून देलं. साहेबानं कुर्सीवर बसवून चहा पाजला त्याले." साल्याचं कौतुक, तेही बायकोच्या तोंडून, तेही रोज. नियाजला घास गिळवत नसे.

अशात खुशालरावांना गोल्फचं वेड लागलं. खुशालराव बियाण्यांचे ठोक व्यापारी. त्या वर्षांत वऱ्हाडात काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाऊस दगा द्यायचा, पेरलेलं करपायचं, मग दुबार पेरणी. दुबार पेरणी म्हणजे दुबार बियाणं. शेत कुणाचंही जळो, खुशालरावांचं गोदाम हंगामात दोनदा रिकामं व्हायचं. माल भरपूर खपवला म्हणून एका कंपनीनं त्यांना थायलंड फिरवून आणलं. तिथं कुणीतरी हातात काठी देऊन चेंडू मारायला लावला आणि माणूस त्यातच अडकून परत आला. बंगल्यामागचं एक गोदाम त्यांनी मोकळं केलं. समोर जाड पडदा टांगला, पडद्यावर विलायती मैदानाचं चित्र पडायचं. पायाखाली हिरव्या गवतासारखी पाच फुटी चटई, चटईच्या कडेला जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र. चेंडू पडद्याला जाऊन आदळला की यंत्र सांगायचं, खऱ्या मैदानावर असता तर किती लांब गेला असता आणि कुठे. हे सगळं जोडून देणारा अर्थात जुबेर.

खोड एकच होती. गोदामाची फरशी गुळगुळीत, त्यामुळे दर फटक्याला चटई बोटभर पुढे सरकायची. ती सरकली की यंत्राचे आकडे चुकायचे. जुबेरनं चिकटपट्ट्या लावून पाहिल्या, त्या दोन दिवसांत निघाल्या. शेवटी खुशालराव म्हणाले, "चटई-गादीचं काम हाय बाप्पा, नियाजभाईले बोलवा. आन् टणकबी लय हाय हे, मनगटं दुखून राह्यले माहे."

नियाज हरखला. जुबेरला जमलं नाही ते आपल्याला करायचंय, यापेक्षा गोड निरोप त्याला कित्येक वर्षांत आला नव्हता. आता, पिंजाऱ्याला सांगा की टणक लागतं, तो काय करेल? त्यानं चटईच्या मापाची, चार बोटं जाडीची, नंबर एक कापसाची गादी शिवली. वर चटई ताणून बसवली आणि जावयाला बसवावं तसं खुशालरावांना वर उभं केलं. संध्याकाळी मित्रमंडळी जमली होती. खुशालरावांनी काठी हाणली. काठी गादीत रुतली, चेंडू टुणकन उडून बाजूला पडला आणि यंत्रानं जाहीर केलं की चेंडू जागचा हललेलाच नाही.

"नियाजभाई, इथं झोपाचं नाई हाय," कुणीतरी म्हणालं आणि गोदामभर हशा पिकला.

जुबेर हसला नाही. तो गुडघे टेकून नियाजजवळ बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दुल्हाभाई, चेंडू आन् मशीन एका पातळीत पायजे. खाली टणकच लागते. मऊपणा फक्त वरच्या गवतात." समजूतदारपणे बोलला, चारचौघांत इज्जत राखून बोलला, आणि नियाजला तेच जास्त झोंबलं. हसणाऱ्यांना तो आठवड्यात विसरला, समजावणाऱ्याला विसरला नाही.

पण गडी जातीचा कारागीर. गादी उचलून नेली आणि इरेला पेटला. बंद पडलेल्या एका जिनिंगमधून त्यानं पट्ट्याचं जाड रबर मिळवलं. रबरावर जाड प्लाय, प्लायवर चटई. यंत्रही त्याच प्लायवर बसवलं, म्हणजे उठलं तर दोन्ही उठतील, दबलं तर दोन्ही दबतील. फरशीला एका कोपऱ्यात उतार होता. तिथं त्यानं सायकलच्या ट्यूबचे तुकडे एकावर एक सारले. गवंड्याची पाणसळ आणून चारी बाजूंनी पातळी पाहिली, मग पाणसळ बाजूला ठेवून तळहात फिरवला आणि आणखी एक तुकडा सारला. कडेनं खडूची रेघ ओढली. दर शनिवारी येऊन तो दबलेलं गवत ब्रशनं उभं करायचा आणि रेघ पाहायचा. सहा महिन्यांत चटई रेघेबाहेर सुतभर गेली नाही. सारखा फटका मारला की सारखाच आकडा यायचा.

आणि नाव कुणाचं झालं? जुबेरचं. येणारा-जाणारा म्हणायचा, मशीन काय अचूक बसवलं पोरानं. पायाखाली कोण पाहतं?

एका शनिवारी खुशालरावांचे साडू भगवंतराव अकोल्याहून आले. तेही बियाण्याच्याच धंद्यात. या दोन साडूंचं असं होतं की एकानं गाडी घेतली की दुसऱ्याला झोप येत नसे. भगवंतरावांनी पडदा पाहिला, दहा चेंडू मारले, घाम पुसला आणि म्हणाले, "मलेबी बसवाचं हाय. याच्याहून मोठं. पुढच्या रविवारी घरच्यांले घेऊन येतो, पाहून पक्कं करू. पण माणूस कोन?"

"जुबेरले न्या," खुशालराव म्हणाले. "त्याच्यासारखा अख्ख्या वऱ्हाडात भेटनार नाई."

नियाज तेव्हा त्यांच्या पायाशी बसून चटईला ब्रश मारत होता. दोघांपैकी एकानंही खाली पाहिलं नाही. अकोल्याला कुणीतरी आपल्या नावानं बोलवावं, रहिमाबीनं एकदा तरी आपलं कौतुक भावाला सांगावं, एवढंच त्याला हवं होतं. ते डोळ्यांदेखत जुबेरच्या झोळीत पडलं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या शनिवारी तो नेहमीसारखा आला. गोदामात कुणी नव्हतं. त्यानं यंत्राला हात लावला नाही. प्लायवरची चटई सोडवली, तिचं पुढचं टोक उजवीकडे चार बोटं वळवलं आणि पुन्हा पक्की केली. जुनी रेघ ओल्या फडक्यानं पुसली आणि नवी ओढली, जुनीसारखीच, थोडी झिजवून. चार बोटं डोळ्याला दिसत नाहीत. पण खुशालराव पाय लावायचे ते चटईच्या कडेला समांतर. कड वाकडी तर नेम वाकडा, आणि पडद्यावर वीतभर वाकडं ते मैदानात दहा-पंधरा पावलं. हे सगळं त्याला जुबेरनंच समजावलं होतं.

रविवारी खुशालरावांचा प्रत्येक चेंडू पडद्यावरच्या मैदानात उजवीकडच्या तळ्यात गेला. पहिल्याला ते हसले, पाचव्याला घामाघूम झाले. भगवंतरावांच्या पत्नी, चंदाबाई, तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. भगवंतरावांच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती, पण आतून त्यांना गुदगुल्या होत होत्या. जुबेरला फोन गेला. तो धावत आला. तास दीड तास त्यानं यंत्र पुसलं, बंद केलं, चालू केलं, पुन्हा जुळवलं. चेंडू तळ्यातच.

"चटई पाह्य ना," खुशालराव चिडून म्हणाले. "सरकली असन."

नियाजही गंमत पाहायला येऊन दाराशी उभा होता.

जुबेरनं चटईकडे नजरसुद्धा टाकली नाही. "नाई भाऊ. ते दुल्हाभाईनं बसवलेली हाय. ते हलत नसते. खराबी माह्याच मशिनीत हाय, मले सापडून नाई राह्यली."

भगवंतरावांनी तिथल्या तिथं ठरवलं. आपल्या यंत्रासाठी नागपूरहून इंजिनिअर येईल, आणि चटईसाठी अकोल्याला यायचं ते नियाजभाईनं. अख्ख्या गोदामात त्या दिवशी एकच काम पक्कं निघालं होतं, ते नियाजचं. त्याला हवं ते सगळं मिळालं. खोटं कशाला बोला, घरी जाताना त्याला आनंद झाला होता. चांगला पोटभर झाला होता.

तो टिकला दोन दिवस. सगळे पांगल्यावर त्यानं चटई हळूच सरळ करून ठेवली होती. जुबेर खुशालरावांचं यंत्र घेऊन नागपूरला गेला. तिथल्या माणसानं उघडून पाहिलं आणि सांगितलं, यात काही बिघाड नाही. परत आणून लावलं तर चेंडू सरळ. आता बिघाड सापडला असता तर जुबेर सावरला असता. न सापडलेला बिघाड त्याच्या डोक्यात घर करून बसला. तो दुकानात साधा कॉम्प्युटर उघडायला कचरू लागला. गिऱ्हाइकांत बोभाटा झाला होताच. रहिमाबी ताट वाढायची, पण आता बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "जुबेर विचारते, आपा, मले बिघाड काहून दिसला नाई? काय सांगू मी त्याले?" नियाजनं मान खाली घालून भाकरी मोडली.

अकोल्याला जायच्या दिवशी जुबेर स्टँडवर उभा होता. "मी येतो संगं. प्लाय एकट्यानं उचलनार नाई तुमाले. मलेबी सध्या काम नाई." बसमध्ये रबराचं भेंडोळं त्यानं सगळा रस्ता स्वतःच्या मांडीवर धरलं. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव मंजू गेलं. नियाज खिडकीतून कपाशीची वाळकी शेतं पाहत बसला.

भगवंतरावांच्या नव्या खोलीत प्लाय टाकून झाला, चटई लागली. रेघेसाठी ताणलेल्या दोरीचं दुसरं टोक जुबेर धरून होता. भगवंतराव आत आले, त्याला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "नियाजभाई, याले आणलं? हरकत नाई. पण माह्या मशिनीले हात लावू देऊ नका."

"नाई लावत साहेब," जुबेर म्हणाला. "मी यांचा हेल्पर म्हणून आलो."

इतकी वर्षं नियाजला हेच ऐकायचं होतं. ऐकलं आणि तो चटईवरच बसला.

"साहेब, त्या दिवशी मशीन बरोबर होती," तो म्हणाला. "चटई म्या फिरवली होती. चार बोटं. रेघबी पुसून नवी मारली. याच्यावर जळत होतो मी."

भगवंतरावांनी बराच विचार केला आणि विचारलं ते भलतंच. "म्हंजे खुशालरावचं मशीन एकदम अचूक हाय?"

"हाय जी."

भगवंतरावांचं तोंड पडलं. ते तसेच बाहेर निघून गेले.

नियाज वाट पाहत राहिला. जुबेरनं शिव्या द्याव्यात, दोरी फेकून मारावी, निघून जावं, काहीही चाललं असतं. जुबेरनं दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं. मग त्यानं पिशवीतून मोजपट्टी काढली.

"बाजूले व्हा दुल्हाभाई," तो म्हणाला. "मले तुमची चटई मोजू द्या."