शेजाऱ्याचे पणजोबा

कॅनडात, विंडसरला रिटायर झाल्यावर माझी मैत्री जमली ती शेजाऱ्याशी. आम्ही दोघंही मोटारींच्या प्लांटमधले. तो काळा, त्याचं घराणं इथं चार पिढ्यांचं.

नोव्हेंबरातल्या सैनिकांच्या स्मरणदिनी तो मला आणि सुट्टीला आलेल्या माझ्या मुलीला चर्चमागच्या स्मशानभूमीत घेऊन गेला. एका दगडावर त्याच्या पणजोबांचं नाव होतं. ते केंटकीत गुलाम म्हणून जन्मले. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा मालकाच्या शेतातून पळून थेट उत्तरेच्या फौजेच्या छावणीत शिरले.

"भरती झाले त्या दिवशी ते मोकळे झाले," शेजारी म्हणाला. "पुढे सैनिकांच्या बायकामुलांनाही सोडलं. युद्धानंतर सगळे सरहद्दीवरची नदी ओलांडून इकडे आले."

"सो कूल!" मुलगी म्हणाली. "बाबा, आपल्याकडे का नाही असं कुणी?"

मला ते झोंबलं. "आहेत की. माझे आजोबा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीतून बसऱ्यापर्यंत गेले होते."

"अँड देन? डिड ही गेट फ्री?"

मी बुटानं पाला उकरत राहिलो. आजोबा कुणाचे विकत घेतलेले गुलाम नव्हते. ते गावकुसाबाहेरचे होते. युद्ध संपल्यावर पलटण मोडली. ते गावी परतले आणि विहिरीपाशी पुन्हा ओंजळ पसरून उभे राहिले, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. त्यांच्या मुलाबाळांना कुणी सोडलं नाही.

घरी येताना गाडीत मी हे सगळं शेजाऱ्याला सांगितलं. आवाज चढलाच.

तो शांतपणे म्हणाला, "माझ्या आजोबांना इथल्या गोऱ्यांच्या शाळेत घेतलं नव्हतं."

"पण तुमच्याकडे एक दिवस तरी आहे! या दिवशी मोकळे झालो, असं सांगता येतं."

"हो," तो म्हणाला, "तो आहे."

त्यानं वाद घातला असता तर बरं झालं असतं. आठवडाभर मला त्याचं तोंड बघवेना. दाराची बेल वाजली तरी मी बेसमेंटमध्ये बसून राहायचो. मग बर्फ पडलं, त्यानं माझाही ड्राइव्हवे शोव्हल केला, आणि मला बाहेर येऊन थँक्यू म्हणावंच लागलं.

पुढच्या वर्षी स्मशानभूमीत त्यानं माझ्या हातात स्मरणदिनाला सैनिकांसाठी वाहतात ते पॉपीचं एक लाल फूल दिलं. "तुझ्या आजोबांसाठी."

आजोबांना ओढ्याकाठी पुरलं होतं; तिथं साधी खूणही नाही. मी फूल त्याच्या पणजोबांच्या दगडापाशी ठेवलं. दगडावर कोरलेली अक्षरं वाचताना मला पुन्हा झोंबलं, अगदी गेल्या वर्षीइतकंच.