पाटीच्या दगडाचं गाव

ख्राइस्टचर्चमध्ये काळ्या दगडी पाट्यांचं जुनं छप्पर दिसलं, की तो स्टिअरिंगवरचा एक हात उचलून म्हणायचा, "बघ, आमच्या गावचा दगड!" प्रत्येकच छप्पर त्याच्या गावचं कसं असेल, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

मी पुण्याहून शिकायला आलो आणि इथेच बस चालवू लागलो. हॉर्नबीचा रूट मला शिकवला तो या बहात्तर वर्षांच्या स्कॉटिश म्हाताऱ्याने.

त्याचं गाव म्हणजे चाळीस घरं, एक चर्च, एक पूल. डोंगरात पाटीचा दगड निघायचा म्हणून रेल्वे आली. खाण संपली, रेल्वे गेली. तेव्हा तो सात वर्षांचा होता.

"रूळ उपटले तेव्हा आई रडली. आजी गेली तेव्हाही रडली नव्हती," तो सांगायचा. तुम्हाला हसू येईल, मलाही आलं. तो मात्र हसला नाही.

माझी आई सहा महिने राहायला आली होती, तेव्हा एका रविवारी त्याला जेवायला बोलावलं. ठेच्याने डोळ्यांतून पाणी वाहत असताना 'स्वीट ॲज', म्हणजे एकदम झकास, म्हणत तो पिठलं संपवत होता. मध्येच त्याने आईला विचारलं, "तुमच्या गावाला बस येते?"

मी मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "येते की! मुक्कामी असते."

मुक्कामी म्हणजे काय, ते मी समजावलं. त्याने चमचा खाली ठेवला. "ड्रायव्हर गावातच झोपतो?"

"मग? सकाळी पहिली गाडी कोण नेणार?" आई म्हणाली. "भाकरी देतात त्याला कुणीतरी."

निघताना दारात तो म्हणाला, "आमच्या गावची एकुलती एक बस गेल्या महिन्यात बंद झाली. ड्रायव्हर मिळेना. बहीण ऐंशीची आहे. डोळे दाखवायला शहरात जायचं, तर लोकांच्या गाड्यांची वाट बघत बसते."

आठवड्याभरात त्याने राजीनामा दिला. पंचेचाळीस वर्षं इथे काढलेली, बायकोला इथल्याच मातीत ठेवलेलं. डेपोत सगळे म्हणाले, या वयात तिकडे जाऊन करणार काय?

"गावाला ड्रायव्हर हवाय. मी ड्रायव्हर आहे."

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"बर्फाची वाटते. हीप्स! खूपच!"

आपण गाव सोडलेली माणसं. गावाबद्दल तासन्‌तास बोलतो. हा उठून निघाला होता.

जानेवारीत त्याचा फोटो आला. इथे आम्ही उन्हाने भाजून निघत होतो. तिथे सगळं पांढरं. पुलाजवळ एक छोटी बस, दार उघडं, ड्रायव्हरची सीट रिकामी. तो खाली बर्फात उभा होता, एका म्हातारीचा दंड धरून. तिची पर्स त्याच्या खांद्याला होती, आणि ती पहिल्या पायरीवर पाय ठेवत होती.