म्हाताऱ्या ट्रॅक्टरचं पॉवर स्टिअरिंग

साठ सालच्या आसपास आमच्या घरात दोन आजारी होते, एक ट्रॅक्टर आणि एक नवरा. इलाज मात्र ट्रॅक्टरचा चालला होता.

कोरमंगलात तेव्हा रागीची, म्हणजे नाचणीची, शेतं होती. आज तिथे पोरं लॅपटॉप मांडून कॉफी पितात. त्यांना सांगितलं तर म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणतील. आमचा ट्रॅक्टर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा, परदेशी, दोन मालक करून आमच्याकडे आलेला. त्याचं स्टिअरिंग वळवायचं म्हणजे बैलाच्या जागी स्वतः मोट ओढायची. एकदा नांगरताना पुढचं चाक दगडावर चढलं, स्टिअरिंग गर्रकन उलट फिरलं आणि आमच्या यांचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं तो बसवला, पण कुठे बसवला ते देव जाणे. हात छातीच्या वर जाईना.

"बराय आता," हे सगळ्यांना सांगायचे. बरा कसला, माझं कपाळ! दार लावून सदऱ्याची बटणं मी लावत होते आणि डाव्या हातानं भांग पाडताना यांच्यासमोर आरसाही मीच धरत होते. खोलीबाहेर पडले की हे पुन्हा राजे. कुणाला बोललीस तर बघ, अशी मला तंबी होती.

माझे थोरले दीर मल्लेश्वरमात किराणा दुकान चालवायचे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी यांना निकाल दिला, आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, सगळ्यांसमोर स्वतः ट्रॅक्टर चालवून दाखव. नाही जमलं तर विकून टाकू आणि तू दुकानात येऊन बस. दुकानात! रानात या बांधावरून त्या बांधावर ओरडून बोलणारा माणूस तिथे गुळाच्या पुड्या बांधणार. ट्रॅक्टर गेला तर हा माणूस आतून मिटणार, हे मला लख्ख दिसत होतं आणि त्याची मला फार भीती वाटत होती.

तसे अण्णा दुष्ट नव्हते. उत्साही होते, आणि ते जास्त वाईट. कुठल्याशा अमेरिकन मासिकात त्यांनी वाचलं की जुन्या ट्रॅक्टरलाही वरून पॉवर स्टिअरिंग बसवता येतं. पंपातल्या तेलाचा दाब चाकं वळवतो, माणसानं नुसता इशारा करायचा.

"तिकडे बायका एका बोटानं ट्रॅक्टर वळवतात," अण्णा म्हणाले.

"मग इथे दहा बोटांची बाई बसलीय की," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. मला कॉफी आणायला सांगितलं.

मग शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे भंगाराच्या गल्लीत, खेपा सुरू झाल्या. मोडीत निघालेल्या लष्करी लॉरीचा पंप मिळाला, आणखी कुठल्या गाडीचा सिलिंडर, रबरी नळ्या. मागोमाग मिस्त्री आला. तो उठताबसता म्हणायचा, "स्वल्प अ‍ॅडजस्ट करू अम्मा." पंप इंजिनाच्या पट्ट्यावर अ‍ॅडजस्ट झाला, सिलिंडर पुढच्या आसाला अ‍ॅडजस्ट झाला आणि माझा चटणीपुडीचा पितळी डबा तेलाची टाकी म्हणून अ‍ॅडजस्ट झाला. मला विचारायची पद्धत नव्हतीच.

आता चालवून कोण बघणार? इथे आमचं घराणं आडवं आलं. घरात नवं यंत्र आलं की आयुधपूजा होईपर्यंत धन्यानं त्याला शिवायचं नाही, असा आमचा रिवाज. शिवणयंत्राला कुंकू लागेपर्यंत मीही हात लावला नव्हता. ट्रॅक्टर आता नवा झाला म्हणे, म्हणून हे ओट्यावर आणि अण्णा सीटवर. यांना तर हायसं वाटलेलं दिसत होतं. त्याचं कारण मला तेव्हा कळलं नाही.

अण्णांनी स्टिअरिंग किंचित उजवीकडे वळवलं. ट्रॅक्टर तरातरा डावीकडे निघाला तो थांबेचना, थेट शेणखताच्या खड्ड्यात. "अय्यो!" करत मिस्त्री धावला. नळ्या उलट्या जोडल्या होत्या. अमेरिकन मासिकात खड्ड्याबद्दल काही लिहिलेलं नसावं. अण्णांचं पांढरंशुभ्र धोतर मी धुतलं, आणि खोटं कशाला बोलू, आनंदानं धुतलं. नळ्या सुलट केल्यावर मात्र ते आडमुठं स्टिअरिंग खरंच एका बोटानं फिरायला लागलं.

आयुधपूजेला ट्रॅक्टरवर झेंडूच्या माळा चढल्या, बॉनेटला गंध लागलं, चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारपाजारचे जमले. यांनी नवा सदरा घातला होता. बटणं अर्थात मी लावलेली. हे ट्रॅक्टरच्या मागे गेले आणि तिथेच उभे राहिले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या ट्रॅक्टरवर बसायचं तर मागून, दोन्ही हातांनी दोन्हीकडची मडगार्डं धरून अख्खं अंग वर ओढून घ्यावं लागे. चाकं कशी वळवायची याच्यावर सगळ्यांनी डोकं खपवलं होतं, माणूस वर कसा पोचवायचा हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आणि यांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"चढ की रे," अण्णा म्हणाले. "मुहूर्त टळतोय."

यांनी डावा हात मडगार्डवर टेकला, पुन्हा काढला. कान लालबुंद झाले. आता म्हणतील, विकून टाका.

हे मागे वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अगं, इकडे ये. मला चढता येत नाही."

चारचौघांत आम्ही एकमेकांच्या जवळ उभंसुद्धा राहत नसू. मी पदर खोचला, गेले, यांच्या उजव्या काखेखाली माझा खांदा घातला आणि दिलं ढकलून. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसोत मेल्या! इंजिन धडधडलं, लिंबं फुटली, आणि नुसत्या डाव्या तळव्यानं स्टिअरिंग फिरवत यांनी शेताला फेरी मारली. अण्णा डोळे पुसत होते. धूर गेला म्हणाले. विकायचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही.

परत आल्यावर उतरता येईना, हे ओघानं आलंच. पुन्हा माझा खांदा. मिस्त्री म्हणाला, "मागे पायरी आणि एक दांडा जोडून देतो अम्मा. मग तुम्हाला रोजचा त्रास नाही."

मी हो म्हणायच्या आत हे म्हणाले, "नको. ही आहे ना."