सिनेमाला ओ

आरमोरीहून धानोऱ्याला जाणाऱ्या एसटीत मी मोबाइलवर सिनेमा पाहत होतो. जंगलात वाट चुकलेला एक माणूस. सबंध सिनेमाभर दुसरं कुणीच नाही. शेजारी मोहफुलांची टोपली मांडीवर घेऊन बसलेली बाई न विचारता फोनवर वाकली. नायकाला तहान लागली की ती आपल्या बाटलीतून घोट घ्यायची.

नायक खड्ड्यात पडला आणि ओरडला, "कोई है?"

"ओऽ," बाईनं खणखणीत आवाजात उत्तर दिलं.

कुणाला तरी उतरायचंय असं समजून कंडक्टरनं घंटी मारली. गाडी थांबली. सगळे आमच्याकडे पाहू लागले.

"बाई, तो सिनेमातला हाय. त्याले आयकू येत नाई," मी म्हणालो.

"मालूम हाय मले. पर आमी मोहफुलं वेचतो तवा एकमेकीले हाका मारत राह्यतो. ओ नाई आली, तर वाघानं नेली समजून साऱ्या धावतो. हाक आली का ओ द्या लागते, भाऊ."

पुढच्या फाट्यावर ती उतरली. नायक अजून खड्ड्यातच होता. त्यानं पुन्हा हाक मारली. मी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणालो, "ओ."